माळ्यावर हाताने फिरवायचं जुनं धुरळणी यंत्र सापडलं. गुलाब, भेंडी आणि घरासमोरच्या हिरवळीसाठी वापरू का?

वापरता येईल, पण हँडलला हात लावण्याआधी डब्यात डोकवा. तळाशी जुन्या पावडरीचा थर असेल तर तो खरवडू नका आणि मोरीत धुऊ तर मुळीच नका. त्या काळी अशा यंत्रांतून बीएचसी नावाची विषारी कीटकनाशक पावडर उडायची, तिच्यावर १९९७ साली बंदी आली. गावात जिला सगळे फॉलिडॉल म्हणायचे, त्या मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ मध्ये आली. आत नेमकं काय होतं हे घरात कुणी सांगू शकत नसेल, तर मी तो डबा भाजीजवळ नेणार नाही. पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा.

डबा कोराच निघाला तर यंत्र झकास आहे. त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतंच. छातीशी बांधायचा डबा, आत ढवळणी, खाली पावडर सोडायची खाच, मग गिअर, पंखा आणि नळी. हँडल सावकाश फिरवलं तरी गिअरमुळे पंखा भन्नाट फिरतो.

आमची द्राक्षबाग नाशिककडची. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, गंधक धुरळायचं काम शाळेत असताना माझ्याकडे होतं. तिथली एक चूक अजून आठवते: खाच उघडीच ठेवून मी हँडल थांबवलं. पावडर पंख्यात साचली आणि पुढच्या फेऱ्याला मूठभर गोळा एकाच वेलीवर बसला. चार दिवसांत पानं करपली. तेव्हा आधी हँडल फिरवायचं, मग खाच उघडायची. थांबताना आधी खाच बंद, मग हँडल. डबा अर्ध्याच्या थोडा वर भरा, गच्च नको. पावडर चाळून घ्या.

गंधक घेताना दुकानात ‘धुरळणीचं, ३०० मेश’ (मेश म्हणजे चाळणीचं माप, पावडर किती बारीक ते) असं स्पष्ट सांगा, नाहीतर पाण्यात मिसळून फवारायचं ८० टक्क्यांचं हातात देतात. वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. पानावर किंचित दव असलं की पावडर चिकटते. वारा आलाच तर तो पाठीमागून किंवा बाजूने घ्या, तोंडावर नको. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, आणि जवळपास विडी-सिगारेट नको, कारण गंधकाची धूळ पेट घेते.

भेंडीवर पहिले पांढरे ठिपके दिसताच धुरळलं तर उपयोग. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर थांबा, पानं भाजतात. काकडी-दोडक्याच्या काही जातींना गंधक सोसतच नाही. निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन आठवडे जाऊ द्या.

हिरवळीचं म्हणाल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तिथली मोठी डोकेदुखी म्हणजे हुमणी, भुंग्याची पांढरी अळी, आणि ती मातीत मुळं खात बसलेली असते. वरून उडवलेली भुकटी तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट त्याच गवतावर पोरं लोळतात, कुत्री फिरतात.

चार गुलाबांसाठी तर यंत्रही लागत नाही. मलमलच्या फडक्यात गंधकाची पुरचुंडी बांधा आणि पानांवर काठीने हलकेच टिचकवा. यंत्र वापरलंच तर काम झाल्यावर डबा रिकामा करून कोरड्या ब्रशने झाडा. ओल लागलेलं गंधक पत्रा खातं. गिअरला मात्र ग्रीस लावून ठेवा.