पिंपात मुरवलेली, ड्राय-हॉप केलेली आंबट वाइल्ड एल कशी चाखावी? माझी बाटली बिघडलेली होती का?

तुम्ही लिहिले आहे की भेट मिळालेल्या दोन सारख्या बाटल्यांपैकी एक तुम्ही उघडली, तिच्यावर ‘ओकच्या पिंपात १८ महिने मुरवलेली, नंतर ड्राय-हॉप केलेली वाइल्ड एल’ असे छापलेले होते, वास घेताच तबेल्याची आणि ओल्या चामड्याची आठवण झाली, पहिल्याच घोटाला दात आंबले, आणि ती बिघडली असावी असे समजून तुम्ही ग्लास बाजूला ठेवला. ती खरोखर बिघडली होती का, अशी बिअर चाखावी कशी आणि दुसरी बाटली साठवून ठेवावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तुमच्या वर्णनावरून पाहता ती बिघडलेली नव्हती. तबेल्याचा वास आणि दात आंबवणारी चव ही या प्रकारची जन्मखूण आहे, आणि त्या दोन्हींच्या पलीकडे त्या ग्लासात बरेच काही शिल्लक होते.

या बिअरमध्ये दोन अगदी निरनिराळ्या गतींनी घडलेल्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पिंपातला भाग वर्ष-दीड वर्षात, कधी तीन वर्षांत, संथपणे तयार होतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, भाग शेवटच्या काही दिवसांत येतो आणि काही महिन्यांतच ओसरू लागतो. चाखताना हे दोन भाग आधी वेगवेगळे ओळखायचे आणि मग ते एकमेकांशी जुळले आहेत का हे पाहायचे, एवढेच मी गेली काही वर्षे करत आलो आहे, आणि तेवढ्याने या बिअरकडे पाहण्याची माझी रीत पूर्ण बदलली.

आधी संथ भाग पाहू. साध्या बिअरमध्ये मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्यात जोपासलेले यीस्ट घालतात आणि ते थोड्या दिवसांत साखरेचे मद्यार्कात रूपांतर करून थांबते. वाइल्ड एलमध्ये त्याच्या जोडीला ब्रेटानोमायसिस नावाचे दुसरे यीस्ट आणि बहुधा लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस हे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू काम करतात. हे जीव मुद्दाम घातलेले असतात, किंवा ब्रुसेल्स आणि त्याच्या नैऋत्येकडील पायोटेनलांड भागात बनणाऱ्या लॅम्बिक या आंबट बिअरप्रमाणे, उकळलेला काढा उथळ उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवल्यावर हवेतून आणि पुढे पिंपाच्या लाकडातून येतात. ब्रेटानोमायसिसचा शोध १९०४ साली कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतील नील्स ह्येल्टे क्लाउसेन यांनी जाहीर केला. त्यांनी ते इंग्लंडमधील मुरवलेल्या बिअरमधून वेगळे केले होते, म्हणूनच ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचे ते नाव पडले, आणि त्या यीस्टमुळेच इंग्लिश बिअरला तिची खास चव येते असे त्यांचे म्हणणे होते. तुम्हाला ज्या वासाने बिचकवले, त्याच कुळातला वास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बिअरच्या दर्जाची खूण मानला जात होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तबेला आणि चामडे यांची आठवण करून देणारा तो वास मुख्यतः ४-इथिलफिनॉल या संयुगाचा असतो. ब्रेटानोमायसिस धान्यातल्या काही आम्लांवर प्रक्रिया करून ते तयार करते, आणि त्याचबरोबर अननस किंवा पिकलेल्या फळांसारखा वास देणारी एस्टरेही घडवते. साध्या यीस्टला न पचणारी लांब साखळ्यांची शर्कराही ते महिनोन्‌महिने खात राहते, त्यामुळे या बिअरमध्ये गोडवा जवळजवळ उरत नाही. पेडिओकॉकस मधल्या काळात बिअरला लोण्यासारखा वास आणि कधी कधी चक्क तार धरणारा बुळबुळीतपणा आणतो. तो निस्तरण्याचे कामही ब्रेटानोमायसिसच करते, आणि पिंपातली बिअर घाईने बाहेर काढता येत नाही याचे हे एक मोठे कारण आहे. आंबटपणाविषयी बोलायचे, तर साध्या बिअरचा पीएच (हा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.२ ते ४.५ असतो, तर अशा बिअरचा ३.२ ते ३.५ च्या आसपास. पीएचच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतले की तुमचे दात का आंबले हे वेगळे सांगायला नको. ओकचे लाकूड सच्छिद्र असल्याने पिंपात थोडा थोडा प्राणवायू झिरपत राहतो. वाइनसाठी आधी वापरलेल्या, सुमारे २२५ लिटरच्या पिंपातून लाकडाचा वास फार येत नाही, पण हलका तुरटपणा, व्हॅनिलाची पुसट छटा आणि त्या झिरपणाऱ्या हवेमुळे आलेली व्हिनेगरची किंचित धार मात्र येते.

हॉप्सचा भाग याच्या नेमका उलट आहे. हॉप्स काढ्यात उकळले की त्यांतली अल्फा आम्ले रूप बदलून कडवट होतात, आणि हा कडवटपणा लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या अनेक जिवाणूंना मारक ठरतो. शिवाय तीव्र कडू आणि तीव्र आंबट या दोन चवी तोंडात एकमेकींना पूरक होण्याऐवजी एकमेकींवर चढाई करतात. म्हणून आंबट बिअर करणारा सुरुवातीला कडवटपणा जेमतेम ठेवतो, जिवाणूंचे काम पूर्ण होऊ देतो आणि अगदी शेवटी, बाटलीत भरण्याच्या काही दिवस आधी, थंड बिअरमध्ये हॉप्स भिजत घालतो. यालाच ड्राय-हॉपिंग म्हणतात. उकळी नसल्यामुळे कडवटपणा फारसा वाढत नाही आणि सुगंधी तेले मात्र बिअरमध्ये उतरतात. पारंपरिक लॅम्बिकमध्ये वर्षानुवर्षे ठेवून सुगंध उडालेले जुने हॉप्स वापरतात, त्यामुळे तेथे ताज्या हॉप्सच्या वासाला स्थानच नव्हते. ब्रुसेल्समधील १९०० साली सुरू झालेल्या कान्तियों या ब्रुअरीने ‘आयरिस’ नावाची बिअर काढली, तिच्यात लॅम्बिकमधला गहू वगळून केवळ मॉल्ट घेतले आणि बाटलीत भरण्यापूर्वी ताज्या हॉप्सची दुसरी मात्रा दिली. जुन्या पद्धतीच्या पिंपात ताज्या हॉप्सचा सुगंध किती सहज सामावतो हे पाहायचे असेल, तर मी प्रथम तिचेच नाव घेईन.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळू. बाटली आदल्या दिवसापासून थंड जागी उभी ठेवावी, म्हणजे यीस्टचा साका तळाशी बसेल. या बिअरमध्ये वायूचा दाब पुष्कळ असतो, म्हणून झाकण सावकाश उघडावे आणि बाटली मध्येच सरळ न करता एका ओघात जगमध्ये ओतावी, नाहीतर साका वर उसळतो. तापमान ८ ते १२ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. फ्रिजमधून काढल्या काढल्या वास दबलेला असतो आणि लाकडाचा तुरटपणा उगीच खरखरीत वाटतो. ग्लास तोंडाशी निमुळता, वाइनचा असला तरी चालेल, आणि जगमधून एका वेळी त्यात ६०-७० मिलिलिटरच घ्यावी, म्हणजे वास साठायला वर मोकळी जागा राहील.

वास दोनदा घ्यावा. पहिल्यांदा ग्लास अजिबात न हलवता: हॉप्सची हलकी तेले सर्वांत आधी उडतात, त्यामुळे संत्र्याची साल, द्राक्षे, ओले गवत, पांढरी फुले असे जे काही नाकाशी येते ते बहुधा हॉप्सचे असते. नेल्सन सोव्हिन या न्यूझीलंडच्या हॉप्सचे नावच सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षावरून पडले आहे, आणि तो वापरलेला असेल तर पांढऱ्या वाइनचा भास होणे अगदी स्वाभाविक आहे. मग ग्लास हळूच फिरवून थोडे थांबावे आणि पुन्हा वास घ्यावा. आता चामडे, जुने लाकूड, ओली माती, तबेला हा तळाचा थर वर येतो. तुम्ही बहुधा थेट या दुसऱ्या थराशी पोहोचलात. फळांच्या वासांपैकी नेमके कोणते हॉप्सचे आणि कोणते ब्रेटानोमायसिसचे हे नेहमी सांगता येत नाही, आणि तसा अट्टहासही धरू नये.

पहिल्या घोटावरून काहीही ठरवू नये, ही माझी तुम्हाला सर्वांत आग्रहाची विनंती आहे. तोंडाला आम्लाची सवय नसते, लाळ एकदम सुटते आणि त्या धक्क्यात जिभेला आंबटपणाखेरीज काही कळत नाही. पहिला घोट लहान घ्यावा, तोंडभर फिरवून गिळावा आणि मिनिटभर थांबावे. दुसऱ्या घोटाला आंबटपणाचा प्रकार पाहावा. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा दह्यासारखा मऊ आणि जिभेवर पसरणारा असतो. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा टोकदार असतो, तो नाकातही जाणवतो आणि घशाशी जळजळतो. पहिल्याचे प्राबल्य आणि दुसऱ्याची केवळ किनार असेल, तर पिंपाची देखभाल नीट झाली आहे असे मी मानतो. तिसऱ्या घोटाला हिरड्यांवरचा तुरटपणा पाहावा आणि गिळल्यानंतर काय रेंगाळते त्याकडे लक्ष द्यावे. चांगल्या बिअरमध्ये नाकाला आधी जाणवलेला हॉप्सचा सुगंध येथे, आंबटपणा ओसरल्यावर, पुन्हा परततो, आणि हे दोन थर एकमेकांत मिसळल्याचे त्याच क्षणी समजते. हॉप्स नाकापुरतेच राहिले आणि तोंडात फक्त आम्ल उरले, तर ते ड्राय-हॉपिंग वरवरचे झाले असे मला वाटते.

खरे दोष कोणते, हेही सांगायला हवे, कारण ‘वाइल्ड आहे’ एवढ्या सबबीवर सगळेच पोटात घालणे मला मान्य नाही. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावाचा झोंबरा वास म्हणजे इथिल ॲसिटेट जास्त झाले. त्याची सूक्ष्म मात्रा फळासारखी वाटते, पण ती वाढली की बिअर पिणे कठीण होते. निव्वळ व्हिनेगर म्हणजे पिंपात हवा अधिक शिरली. ओकारीची आठवण करून देणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, किंवा जुन्या चीजसारखा खवट वास प्रबळ असेल, तर बिअर खुशाल ओतून टाकावी.

एक दोष मात्र नाकाला बिलकूल कळत नाही. काही वाइल्ड बिअरमध्ये टेट्राहायड्रोपायरिडीन या गटातली संयुगे तयार होतात. आम्लधर्मी बिअरमध्ये ती उडत नाहीत, पण गिळल्यावर लाळेमुळे तोंडातला पीएच वाढला की काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा शिळ्या बिस्किटासारखी एक कुबट चव जिभेच्या मागच्या भागावर उमटते. एका बाटलीत मला ती पहिल्यांदा जाणवली तेव्हा मी तिचा दोष बराच वेळ ग्लासाच्या स्वच्छतेला देत राहिलो, आणि शेजारी बसलेल्या मित्राला त्याच बिअरमध्ये काहीच वावगे जाणवले नाही, कारण ही चव सर्वांना सारखी कळत नाही. पुष्कळदा ती बाटलीत काही महिने गेल्यावर आपोआप नाहीशी होते, म्हणून अशा बाटलीला लगेच नालायक ठरवू नये.

आता दुसरी बाटली. ड्राय-हॉप न केलेली वाइल्ड एल असती, तर मी तुम्हाला ती थंड, अंधाऱ्या जागी दोन-चार वर्षे विसरून जा असे निःशंकपणे सांगितले असते. येथे मात्र हॉप्सचा सुगंध हा त्या बिअरचा अर्धा भाग आहे, आणि बाटलीतले ब्रेटानोमायसिस उरलासुरला प्राणवायू शोषून त्याला थोडा काळ जपत असले, तरी तो फार टिकत नाही. अशीच एक बाटली मी सुमारे दोन वर्षे ठेवली होती. उघडली तेव्हा बिअर उत्तम होती, आम्ल मऊ झाले होते, चामडे आणि लाकूड दोन्ही सुरेख उतरले होते, परंतु ज्या फुलांच्या वासासाठी ती मी घेतली होती त्याच्या जागी वाळलेल्या गवताचा आणि चहाच्या पानांचा पुसट वास तेवढा उरला होता. म्हणून बाटलीवरची भरण्याची तारीख पाहा. तिला सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल, तर दुसरी बाटली येत्या काही आठवड्यांत, वर सांगितल्याप्रमाणे तापमान सांभाळून उघडा. वर्ष उलटून गेले असेल, तर हॉप्स बहुतांशी गेलेच आहेत. मग घाई करण्याचे कारण नाही, ती आणखी वर्षभर मुरू द्या आणि नुसती पिंपातली बिअर म्हणून चाखा.