प्रश्नही लिही

ठाणे, मंगळवार

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या केसमधली मुलगी आता एकवीसची आहे. नऊ वर्षांची असताना शाळेतल्या बाईंना अत्याचाराबद्दल सांगितलं हे तिला पक्कं आठवतं, पण काय शब्दांत सांगितलं ते आठवत नाही. पुढच्या तारखेला ठाणे कोर्टात तिची साक्ष आहे आणि तू विचारतेस, विश्वास कशावर ठेवायचा?

अगं, इतक्या वर्षांनी शब्द राहत नाहीत, आशय राहतो. त्यात तिने तेच आईला, पोलिसांना, डॉक्टरांना, मॅजिस्ट्रेटना सांगितलंय. ही सगळी बोलणी एकमेकांत मिसळतात. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, ते तिला देऊ दे. ‘आठव ना जरा’ म्हणू नकोस, आईची आठवण तिच्या तोंडी घालू नकोस. जुना जबाबही तू वाचून दाखवायचा नाही, ते सरकारी वकील बघतील.

आणि बाईंना सगळं नीट आठवत असेल, असं धरून चालू नकोस. मॅगी ब्रुक आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये आयांची आठवण तपासली. मुलांशी झालेल्या बोलण्याचा आशय त्यांना सांगता आला, पण मूल आपणहून बोललं की विचारल्यावर, हे धड सांगता येईना. उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवतात.

म्हणून सांगते, मूल तुझ्याशी बोलेल तेव्हा उत्तरांबरोबर तुझे प्रश्नही लिही. २००० साली मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब यांच्या गटाने अशा मुलांच्या मुलाखती घेणाऱ्यांच्या ‘शब्दशः’ नोंदी ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्या. मुलांनी दिलेल्या तपशिलांपैकी पाव भाग गळला होता, आणि विचारणाऱ्याची निम्म्याहून जास्त वाक्यं नोंदीत नव्हतीच. आपण स्वतःचंच बोलणं आधी गाळतो! ‘मग काय झालं?’ला आलेलं उत्तर आणि ‘काकांनी हात लावला ना?’ला आलेली मान, यांचं वजन एक नाही.

मूल बोलत असताना त्याच्याकडे बघ, वहीकडे नाही. ते गेलं की त्याच तासात लिहायला बस. डावीकडे तुझा प्रश्न, उजवीकडे त्याचं उत्तर. मूल ‘शूची जागा’ म्हणालं तर तेच लिही, ‘गुप्तांग’ करू नकोस. गप्प राहिलं तर ‘गप्प’, मान हलवली तर ‘मान हलवली’. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं तेही टाक. नंतर काही सुचलं तर खाली वेगळी वेळ घालून लिही, वर खाडाखोड नको. कच्चा कागद फाडायचा नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २६ जबाब मुलाच्याच शब्दांत, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर आणि शक्य तिथे ऑडिओ-व्हिडिओवर घ्यायला सांगतं. पण मूल पहिल्यांदा तोंड उघडतं ते पोलिसांपुढे क्वचितच. तिथे फक्त तुझी वही असते.

या वहीवरून मला हट्टी, कोरडी म्हणतात. म्हणू देत. माझ्या सुरुवातीच्या वह्यांत नुसती उत्तरं आहेत, प्रश्न एकही नाही. ती मुलं आता मोठी झालीत आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे अर्धंच बोलणं आहे. हे मला सलतं. तेव्हा वेळ नव्हता, हे कारण खरं असलं तरी पुरत नाही.

शनिवारी ये. तुझी वही आण, कच्चीच.

तुझी,
ताई