थाट कुठे, माणूस कुठे?

प्रश्न : युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या जुन्या तैलचित्रांत सगळेच सारखे रुबाबदार दिसतात. मान कशावरून ओळखायचा आणि स्वभाव कशावरून?

उत्तर : चेहरा नंतर, आधी क्षितिज बघा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकार व्हॅन डाइकने काढलेलं, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं शिकारीवरचं चित्र आहे, साधारण १६३५चं. राजा होता बुटका. म्हणून घोड्याची मान खाली घातलेली, आणि क्षितिज इतकं खाली की राजाची टोपी थेट आभाळावर उठून दिसते. मुकुट नाहीच. कमरेवर हात, कोपर आपल्या दिशेने. ज्याला कुणाला काही पटवून द्यायचं नाही, तोच असा उभा राहतो.

चित्रकार रिगोने रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई (१७०१) याच्या अगदी उलट. पावणेतीन मीटरहून उंच कॅनव्हास, निळ्या झग्यावर सोनेरी लिली, लाल टाचांचे बूट. झग्याच्या पांढऱ्या फरवरचे काळे ठिपके म्हणजे अर्मिन या छोट्या, पांढऱ्या फरच्या प्राण्याच्या शेपटीची टोकं. एक ठिपका, एक प्राणी! राजदंड मात्र उलटा, हातातल्या काठीसारखा टेकवलेला. आता वर बघा : तोंड बसलेलं, गाल ओघळलेले, आणि खाली पाय एखाद्या तरण्या नर्तकाचे. साठी ओलांडलेला माणूस सापडतो तो या विसंगतीत.

चित्रकार वेलास्केसने रंगवलेल्या पोप दहाव्या इनोसंटमध्येही (१६५०) तेच. हात खुर्चीवर सैल टाकलेले, पण नजर तिरकी नि ओठ घट्ट मिटलेले. पोप बसलाय आरामात, पण सावध आहे.

एक मात्र जपा. हातांवरून स्वभाव सांगायला जाऊ नका. व्हॅन डाइक हातांसाठी पगारी मॉडेल बसवायचा आणि कपडे स्टुडिओत मागवून घ्यायचा, असं त्याच्या काळाजवळचं वर्णन आहे. ती नाजूक लांब बोटं बहुधा दुसऱ्याच कुणाची.

प्रश्न : अठराव्या शतकातल्या रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने रंगवलेले काही चेहरे पांढरेफटक का? खानदानी नाजूकपणा दाखवायचा होता का?

उत्तर : नाही, रंग उडालाय. गालांच्या लालीसाठी तो कोचिनील किड्यांपासून केलेला ‘लेक’ प्रकारचा लाल रंग वापरायचा. उजेडाने तो विटतो, खालचं शिशाचं पांढरं तसंच राहतं. तक्रारी त्याच्या हयातीतच सुरू झाल्या होत्या. संशय आला तर चित्रातलं लाल वस्त्र कडेपर्यंत गेलंय का बघा. चौकटीखाली झाकलेल्या पट्टीत तोच लाल गडद उरला असेल, तर चेहऱ्यावरचा फिकेपणाही उजेडाचाच असण्याची शक्यता मोठी.