रिटा हेवर्थ फोटोत स्पॅनिश का वाटत नाही? कपाळ बघा म्हणजे कळेल

तुमचा प्रश्न असा की आजोबांच्या ट्रंकेत जुन्या इंग्रजी मासिकांची कात्रणं सापडली, त्यात हॉलिवूडची जुनी नटी रिटा हेवर्थ हिचे बरेच फोटो आहेत, ती म्हणे स्पॅनिश नर्तकांच्या घरातली, पण फोटोत तर पक्की अमेरिकन मड्डम दिसते, मग ते स्पॅनिश वगैरे नुसती पब्लिसिटी होती का?

नाही हो, बरोब्बर उलटं आहे. घराणं अस्सल होतं, पब्लिसिटी होती ती मड्डम दिसण्याची.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, शाळेत असल्यापासून मी तिथे रिटचिंग करायचो, म्हणजे निगेटिव्ह काचेवर ठेवून खालून उजेड सोडायचा आणि टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या, डाग, डोळ्याखालची वर्तुळं घालवायची, लग्नाच्या फोटोंना तर फारच. आता लोकांचे जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करून देतो. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कपाळ कळतं. आणि या बाईचे १९३५ च्या आसपासचे फोटो आणि १९४१ चे फोटो शेजारी ठेवले ना, तर मी तरी शपथेवर सांगितलं असतं की या दोन वेगळ्या मुली आहेत.

तिचं खरं नाव मार्गारिटा कार्मेन कान्सिनो. आजोबा अँतोनिओ कान्सिनो स्पेनमधल्या सेव्हिलच्या बाजूचे, नाचाचे मास्तर, माद्रिदमध्ये क्लास होता. मुलंबाळं सगळी नाचात, आपल्याकडे गुरवाच्या पोराच्या हातात आपोआप सनई येते तसं. त्यातला एदुआर्दो, जन्म १८९५, सेव्हिलला लागून असलेल्या कास्तिलेखा दे ला कुएस्ता गावचा, हा १९१३ मध्ये बहीण एलिसाला घेऊन अमेरिकेला गेला. तिथे दोघांची जोडी 'डान्सिंग कान्सिनोज' म्हणून व्हॉडव्हिलमध्ये चालली. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात जादूगार, विनोदवीर, कसरती, शिकवलेली कुत्री, गाणं, नाच सगळं, आणि कलाकार पेटी उचलून या गावातून त्या गावात, आपल्या तमाशाच्या फडासारखंच, फक्त ट्रकच्या जागी रेल्वे.

त्या काळच्या स्पॅनिश नाचाच्या जोड्यांचे फोटो बघायला मला फार आवडतात कारण ते नाचाचे नसतातच, पोझ धरून उभं राहिल्याचे असतात. पुरुष आखूड जाकीट, कमरेच्या बऱ्याच वर चढलेली विजार, सपाट टोपी. बाईच्या केसात उंच फणी, अंगावर झालरीची मोठी रेशमी शाल. या शालीला स्पॅनिश लोक मनिलाची शाल म्हणतात, पण ती मुळात चीनची, कँटनकडून भरतकाम होऊन मनिलामार्गे जहाजाने स्पेनला जायची. आता गंमत बघा, मुंबईच्या पारशी बायकांची गारा साडी पण त्याच कँटनच्या व्यापारातून आलेली. म्हणून तसला फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हटलं अरे ही फुलं तर आपण दादरच्या पारशी कॉलनीत बघितलीयेत!

आणखी एक खूण सांगतो, ती मला एका नाच शिकणाऱ्या गिऱ्हाइकाने दाखवली. हातातली कॅस्टनेट, म्हणजे ती लाकडी टाळ्यांसारखी वाजणारी जोडी, तिची दोरी अंगठ्यात अडकवलेली असेल तर शिकून आलेला नर्तक, आणि मधल्या बोटात असेल तर बहुतेक गावाकडचा लोकनाच. दोन हातांतल्या जोड्यांचा आवाजही वेगळा असतो, उजव्या हातातली बारीक आवाजाची ती 'मादी' आणि डावीकडची 'नर'. एवढं समजलं की फोटोतला माणूस खरा की भाड्याचे कपडे घालून उभा, याचा अंदाज येतो.

माझ्या डोक्यात मात्र भलतीच गोष्ट अडकून बसलीये. या जोड्यांनी प्रेमिकांचा नाच करायचा, नजरेला नजर, कमरेत वाकणं वगैरे, आणि प्रत्यक्षात ती सख्खी भावंडं. तेव्हा हे कुणाला खटकत नसे, पुढे सिनेमात नाचून गाजलेला फ्रेड अस्टेअर आणि त्याची बहीण अडेल हीसुद्धा तशीच व्हॉडव्हिलची भावाबहिणीची जोडी. घरातलाच जोडीदार म्हणजे पगार घरात राहतो आणि तालमीला केव्हाही हजर.

एदुआर्दोने १९१७ मध्ये व्होल्गा हेवर्थशी लग्न केलं, ती झीगफेल्ड फॉलीज या मोठ्या शोमधली नाचणारी, आयरिश-इंग्लिश वंशाची. म्हणजे मुलगी अर्धीच स्पॅनिश, हेही लक्षात ठेवा. १७ ऑक्टोबर १९१८ ला ब्रुकलिनला मार्गारिटा झाली, मग दोन भाऊ. पाय जमिनीवर टिकायला लागले तशी तालीम सुरू, कार्नेगी हॉलच्या इमारतीत काका आंखेल शिकवायचा. तिनेच पुढे सांगितलंय की तिला ते फारसं आवडायचं नाही पण वडिलांपुढे बोलायची हिंमत नव्हती. १९२६ च्या एका वॉर्नर स्टुडिओच्या छोट्या फिल्ममध्ये ती घरच्यांबरोबर आहे, आठसुद्धा पूर्ण नसतील तेव्हा.

मग १९२७ मध्ये एदुआर्दो बिऱ्हाड घेऊन हॉलिवूडला आला आणि नाचाचा क्लास काढला. पण बोलपट आले, व्हॉडव्हिल बसलं, वर मंदी, नाच शिकायला पैसे कुणाकडे. तेव्हा त्याने काय केलं, तर बारा वर्षांच्या मुलीला जोडीदार केलं. 'डान्सिंग कान्सिनोज' नाव तेच, बहिणीच्या जागी मुलगी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इतक्या लहान मुलीला नाइट क्लबात काम करता येत नव्हतं, म्हणून सीमेपलीकडे मेक्सिकोत, तिहुआनाला. ती वयाने मोठी आणि जास्त 'लॅटिन' दिसावी म्हणून तिचे मूळचे तपकिरी केस काळे केले. नाव माहीत नसताना फोटो बघितला तर तुम्ही नवरा-बायकोच समजाल. मला मुलगी आहे, त्यामुळे मी हा भाग जरा रागानेच वाचतो, पण पोट होतं सगळ्यांचं हेही आहेच.

तिथल्याच आग्वा कालिएंते या जुगाराच्या आलिशान क्लबात फॉक्स स्टुडिओच्या विनफिल्ड शीहानने तिला पाहिलं आणि ती सिनेमात गेली, नाव झालं रिटा कान्सिनो. १९३५ च्या आसपासचे तिचे फोटो शोधा. काळेभोर केस मधोमध भांग पाडून चापून बसवलेले आणि केसांची रेघ पार खाली, कपाळ दोन बोटांचं. कामं पण तसलीच मिळायची, मेक्सिकन नाचणारी, इजिप्शियन नोकराणी, अर्जेंटिनाची कोण, थोडक्यात 'परकी' बाई हवी की हिला बोलवा.

१९३७ मध्ये कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन म्हणाला हे आडनाव आणि हा चेहरा चालणार नाही. आडनाव आईचं घेतलं. केस लालसर केले. आणि केसांची रेघ वर न्यायला विजेने एकेक केस मुळातून जाळला, त्याला इलेक्ट्रॉलिसिस म्हणतात, वेळखाऊ आणि दुखणारं काम. आम्ही निगेटिव्हवर पेन्सिलीने करायचो ते यांनी जिवंत पोरीवर केलं! निदान आमची पेन्सिल खोडता तरी यायची.

तुमच्याकडची कात्रणं बहुतेक यानंतरचीच असणार. काळ्या लेसच्या गाउनमध्ये पलंगावर गुडघ्यावर बसलेला फोटो असेल तर तो बॉब लँड्रीचा, लाइफ मासिकात ११ ऑगस्ट १९४१ ला आलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी हा भिंतीभिंतीवर लावला होता. त्याच वर्षी ती फ्रेड अस्टेअरबरोबर नाचली. अस्टेअर तिच्या वडिलांना व्हॉडव्हिलपासून ओळखत होता, म्हणजे एका भावाबहिणीच्या जोडीतला भाऊ दुसऱ्या जोडीतल्या भावाच्या मुलीबरोबर नाचतोय.

मला विचाराल तर या घराचा खरा फॅमिली फोटो म्हणजे १९४८ चा, कार्मेन नावाच्या स्पॅनिश जिप्सी बाईच्या गोष्टीवरचा सिनेमा. तो तिच्या स्वतःच्या कंपनीचा होता, त्यात स्पॅनिश नाच बसवायला वडील होते, काका होसे नाचलाय, भाऊ व्हर्नन शिपाई झालाय. सगळी कान्सिनो मंडळी पुन्हा स्पेनमध्ये, पण तो स्पेन अमेरिकेत उभा केलेला आणि मधोमध आंदालुसियाची (म्हणजे सेव्हिलच्याच मुलखातली) जिप्सी म्हणून उभी ही, लाल केसांची.

जाता जाता, पुण्यातला आगाखान पॅलेस माहितीच असेल. तो १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधला आणि १९४९ मध्ये त्यांच्याच मुलाशी, अली खानशी रिटाने लग्न केलं, म्हणजे नगर रोडचा तो वाडा तिच्या सासऱ्यांचा. ही माहिती मी पुण्याच्या पाहुण्यांवर दरवेळी फेकतो.

शेवटी तिला अल्झायमर झाला, निदान व्हायला १९८० उजाडलं, तोवर लोक दारूडी म्हणून नावं ठेवत होते. १९८७ मध्ये गेली, सांभाळ मुलगी यास्मिनने केला.

तर तुमच्या कात्रणांत स्पॅनिशपणा कुठे बघायचा? चेहऱ्यात नाही, तो बदललाय. हात बघा. खांदे खाली, कोपर उचललेलं, मनगट आत वळलेलं, बोटं सैल सोडलेली पण मेलेली नाहीत. ते काकाच्या क्लासमधलं आहे आणि त्याला कुठल्या स्टुडिओने हात लावला नाही. आणि ट्रंकेत काळ्या केसांचं, बुटक्या कपाळाचं, खाली 'कान्सिनो' छापलेलं एखादं कात्रण निघालं तर प्लीज ६०० डीपीआयला स्कॅन करून इथे टाका, आणि त्यावर जुना पिवळा सेलोटेप असेल तर ओढून काढू नका, कागदाची वरची शाई त्याच्याबरोबर येते.