वाचकांचे प्रश्न : बूस्टर लावूनही चित्र का फुटते?

घराबाहेर अँटेना बसवून थेट हवेतून येणारे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या बऱ्याच पत्रांतील अडचणीचे मूळ तेथेच सापडते.

प्रश्न : छपरावर अँटेना आहे. दोन वाहिन्या स्वच्छ दिसतात, तिसरीचे चित्र मात्र सारखे ठोकळे होऊन फुटते. म्हणून टीव्हीच्या मागे बूस्टर जोडला. टीव्हीवर दिसणारा सिग्नलचा आकडा वाढला, पण तिसरी वाहिनी होती तशीच राहिली आणि पूर्वी नीट दिसणाऱ्या दोहोंपैकी एक आता गोठू लागली. बूस्टर सदोष असेल का?

उत्तर : बूस्टर बहुधा ठीक असावा. त्याची जागा चुकली आहे आणि कदाचित त्याची गरजच नसावी.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सहसा दोन आकडे दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीचा आणि दुसरा गुणवत्तेचा. आपण पहिल्याकडे पाहत आहात. चित्र अवलंबून असते ते दुसऱ्यावर. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण त्या मुंग्यांमधूनही चित्र ओळखता येई. डिजिटल प्रक्षेपणात अशी पायरीपायरीने घसरण होत नाही. सिग्नल आणि त्याच्यासोबत येणारा विद्युत गोंगाट यांच्यातील अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेपर्यंत चित्र निर्दोष असते. ते अंतर मर्यादेजवळ आले की ठोकळे दिसू लागतात आणि त्याखाली गेले की काहीच दिसत नाही. बूस्टर सिग्नल वाढवतो हे खरे, पण त्याच्या तोंडाशी आलेला गोंगाटही तेवढ्याच पटीने वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो. म्हणजे अंतर वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. ताकदीचा आकडा चढूनही चित्र सुधारले नाही, ते यामुळे.

मग बूस्टरचा उपयोग कोठे? छपरापासून टीव्हीपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये सिग्नल झिजतो. नेहमीच्या आरजी-६ केबलच्या ३० मीटर लांबीत ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल साधारण ५ डेसिबलने घटतो, म्हणजे वरून निघालेल्या शक्तीचा जेमतेम एक तृतीयांश भाग खाली पोहोचतो. त्यापेक्षा बारीक, जुन्या आरजी-५९ केबलमध्ये घट आणखी जास्त असते. टीव्हीच्या मागे बूस्टर लावला, तर तो ही झीज होऊन गेल्यावर, कमजोर झालेला सिग्नल हाती घेतो. तोच बूस्टर अँटेनाच्या अगदी जवळ, त्याच्या खांबावर बसवला, तर सिग्नल झिजण्याआधीच वाढतो आणि पुढच्या केबलमधील घट फारशी जाणवत नाही. खांबावरच्या बूस्टरला वीज लागते, ती घरातल्या छोट्या वीजपुरवठ्यातून त्याच केबलमार्गे वर जाते. म्हणून मध्ये स्प्लिटर, म्हणजे एका केबलचा सिग्नल अनेक वाटांत वाटणारा जोड, असल्यास तो वीज पुढे जाऊ देणारा असावा लागतो. असा बूस्टर निवडताना तो सिग्नल किती पट वाढवतो हे पाहण्याऐवजी त्याचा स्वतःचा गोंगाट किती कमी आहे हे पाहावे, कारण साखळीतील पहिल्या बूस्टरचा गोंगाट जवळजवळ सगळा निकाल ठरवून टाकतो.

आता चांगली वाहिनी बिघडण्याविषयी. ती वाहिनी आपल्याकडे मुळातच जोरात पोहोचत असणार. बूस्टरला एकाच वेळी ताकदवान आणि क्षीण असे दोन्ही सिग्नल मिळाले आणि ताकदवान सिग्नल त्याच्या क्षमतेपलीकडचा असला, की बूस्टरच्या आत निरनिराळ्या लहरी एकमेकींत मिसळून मुळात नसलेल्या लहरी तयार होतात आणि त्या दुसऱ्या वाहिन्यांवर जाऊन बसतात. हा अतिभाराचा दोष आहे. यात भर मोबाइलची. एकेकाळी दूरचित्रवाणीकडे असलेला यूएचएफ (३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतांचा) पट्ट्याचा वरचा भाग आज अनेक देशांत मोबाइल सेवेकडे गेला आहे, पण जुने बूस्टर अजून तो भागही तेवढ्याच निष्ठेने वाढवतात. जवळ मोबाइलचा मनोरा असेल तर त्या लहरी अडवणारा फिल्टर लावावा, आणि तो अँटेना व बूस्टर यांच्यामध्ये. बूस्टरनंतर लावलेल्या फिल्टरचा अशा वेळी काही उपयोग नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. बूस्टर काढून टाकावा, शक्य असल्यास एखादा छोटा टीव्ही वर नेऊन एक-दोन मीटरच्या केबलने थेट अँटेनाला जोडावा आणि तिसऱ्या वाहिनीची गुणवत्ता पाहावी. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष केबलमध्ये किंवा जोडांमध्ये आहे आणि खांबावरचा बूस्टर किंवा नवी केबल कामी येईल. तेथेही चित्र फुटत असेल, तर अँटेनाला जे मिळालेलेच नाही ते कोणताही बूस्टर निर्माण करू शकणार नाही. तेव्हा अँटेनाची जागा, दिशा किंवा प्रकार बदलावा लागेल.

प्रश्न : ‘एचडी अँटेना’ घ्यावा की साधा? तो किती उंच लावावा? प्रक्षेपणाचा मनोरा साधारण ५५ किलोमीटरवर आहे.

उत्तर : अँटेनाला चित्र एचडी आहे की नाही हे कळत नाही, त्याला फक्त लहरीची लांबी कळते. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते आणि मुख्य काडी साधारण तिच्या निम्म्या लांबीची असते. २०० मेगाहर्ट्झच्या वाहिनीसाठी काडीची लांबी ७५ सेंटिमीटर येते, ६०० मेगाहर्ट्झसाठी फक्त २५ सेंटिमीटर. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या वाहिन्या व्हीएचएफ (३०० मेगाहर्ट्झच्या खालच्या) पट्ट्यात आहेत, यूएचएफमध्ये आहेत की दोन्हींत, हे आधी पाहावे. छोट्या काड्यांच्या यूएचएफ अँटेनाकडून व्हीएचएफची अपेक्षा धरणे ही चूक फार वेळा होते. उलट योग्य पट्ट्याचा वीस-तीस वर्षांपूर्वीचा अँटेना गंजलेला नसेल, तर तो डिजिटल प्रक्षेपणही तितक्याच चांगल्या रीतीने पकडतो. वेष्टनावरचे ‘डिजिटल’ किंवा ‘एचडी’ हे शब्द जाहिरातीचे आहेत.

५५ किलोमीटरसाठी आडव्या दांड्यावर ओळीने काड्या असलेला दिशादर्शी अँटेना घ्यावा. जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास ही रचना पुढे आणली. तिच्यात प्रत्यक्ष केबल जोडलेली काडी एकच असते. तिच्यामागची किंचित लांब काडी लहर परत पुढे फेकते आणि पुढच्या आखूड काड्या ती एका दिशेने गोळा करतात. कानामागे हाताचा पंजा धरून ऐकावे तसा हा प्रकार आहे. समोरचे जास्त ऐकू येते, बाजूचे कमी. काड्या वाढवल्या की पकड वाढते, पण दिशाही तितकीच अचूक साधावी लागते. आखूड काड्यांचे टोक मनोऱ्याकडे हवे. उलटे बसवलेले अँटेनाही पुष्कळ दिसतात. काड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, हे त्या मनोऱ्यावरचे प्रक्षेपण आडवे आहे की उभे यावर ठरते आणि यात चूक झाली तर सिग्नलचा मोठा भाग हातचा जातो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. त्या उंचीवरून लहरींचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. मनोऱ्याचे आणि आपल्या अँटेनाचे असे दोन आकडे मिळवले की सपाट प्रदेशातील पोहोच मिळते. मनोरा १५० मीटर उंच असेल तर त्याचे सुमारे ५० किलोमीटर आणि ९ मीटरवरच्या अँटेनाचे १२ किलोमीटर, म्हणजे एकूण ६२. आपण या मर्यादेत आहात. अँटेना १६ मीटरवर नेला तरी त्यात जेमतेम चार किलोमीटरच वाढतील. त्यामुळे खांब उंच करायचा तो क्षितिज लांबवण्यासाठी नव्हे, तर समोरचे झाड, छप्पर किंवा इमारत ओलांडण्यासाठी.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. थेट आलेली लहर आणि जमिनीवरून किंवा भिंतीवरून परावर्तित होऊन आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात, त्यामुळे अर्धा मीटर बाजूला किंवा चक्क खाली सरकवल्यावर चित्र सुधारल्याचे अनुभव येतात. खांब पक्का करण्याआधी अँटेना हातात धरून चार-पाच जागा पाहाव्यात. प्रत्येक जागी तो थोडा फिरवून काही सेकंद थांबावे, कारण टीव्हीचा आकडा उशिरा बदलतो. सर्वांत कमजोर वाहिनीची गुणवत्ता जेथे सर्वाधिक दिसेल, ती जागा निवडावी.

प्रश्न : पाऊस पडून गेला की पुढचे दोन-तीन दिवस चित्र फुटते. पण अगदी स्वच्छ, वारा नसलेल्या पहाटेही कधी कधी वाहिन्या जातात. हे कसे?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पावसाच्या थेंबांचा या लहरींवर जवळजवळ परिणाम होत नाही. उपग्रहाच्या तबकडीकडे येणाऱ्या १० ते १२ गिगाहर्ट्झच्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या असतात, त्या जोरदार पावसात अडतात; आपल्या ५० सेंटिमीटरच्या लहरीला थेंब दिसतही नाही. पाऊस थांबल्यावरही दोष राहतो, यावरून पाणी जोडात शिरले आहे हे उघड आहे. एकदा शिरलेले पाणी केबलच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीतून आत आत ओढले जाते. वरचा जोड उघडून पाहावा. जाळी काळी पडली असेल तर तेवढा तुकडा स्वच्छ धातू दिसेपर्यंत कापून नवा कनेक्टर दाबून बसवावा आणि त्यावर स्वतःलाच चिकटून एकसंध होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. साधी विजेची टेप उन्हात सुटते. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोळातून गळून पडते. समोर दाट झाडे असतील तर ओली पानेही सिग्नल शोषतात. त्याला खांब सरकवण्याशिवाय इलाज नाही.

शांत पहाटेचा दोष मात्र हवेतला आहे. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असा उलटा थर तयार झाला की लहरी क्षितिजापलीकडे वाकून शेकडो किलोमीटर जातात. त्याच वारंवारतेवरचे दूरचे केंद्र अशा वेळी आपल्या वाहिनीवर येऊन आदळते. ऊन चढले की थर विरतो आणि वाहिन्या परततात. अशा पहाटेनंतर घाईने अँटेना फिरवू नये किंवा वाहिन्यांचा नव्याने शोधही घेऊ नये, नाहीतर दुपारी पुन्हा सगळे जुळवत बसावे लागते.

प्रश्न : एका अँटेनावर तीन टीव्ही चालतील का? आणि विजेपासून काय काळजी घ्यावी?

उत्तर : चालतील, पण वाटणीची किंमत मोजावी लागते. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साडेतीन ते चार डेसिबल, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक खातो. चार वाटांचा सात ते आठ. वापरात नसलेल्या वाटेवर ७५ ओहमचे टोपण बसवावे.

विजेच्या बाबतीत खांब आणि केबलची बाहेरची जाळी, दोन्ही जाड तारेने शक्य तितक्या सरळ आणि आखूड मार्गाने इमारतीच्या मूळ अर्थिंगला जोडावे. वेगळा गज पुरून तो मूळ अर्थिंगला न जोडता ठेवणे धोक्याचे आहे, कारण वादळात दोन अर्थिंगमध्ये मोठा विद्युत दाब उभा राहतो आणि तो टीव्हीमधून वाट काढतो. ही जोडणी थेट कोसळणाऱ्या विजेला थोपवत नाही. खांबावर साठणारा भार आणि जवळपास पडलेल्या विजेचे धक्के यांपासून ती बरेच संरक्षण देते. खांब आडवा कोसळला तरी विजेच्या तारांना शिवणार नाही इतक्या अंतरावरच तो उभारावा. वादळाचा अंदाज असेल तर केबल आधीच काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

प्रश्न : दिवसभर चित्र उत्तम असते, दिवेलागणीनंतर मात्र एक वाहिनी अडखळते. अँटेना हललेला नाही.

उत्तर : आपल्याच घरातले दिवे तपासावेत. निकृष्ट एलईडी दिव्यांतील आणि चार्जरमधील वीज रूपांतर करणारे मंडल रेडिओ गोंगाट पसरवते आणि व्हीएचएफ पट्ट्यातील वाहिन्यांना त्याचा त्रास अधिक होतो. ती वाहिनी लावून एकेक दिवा बंद करत जावे. ज्या दिव्यासरशी गुणवत्तेचा आकडा वर जाईल तो बदलावा. सगळे दिवे बंद करूनही फरक पडला नाही, तर बॅटरीवर चालणारा साधा एएम रेडिओ दोन केंद्रांच्या मधोमध लावून घराभोवती फिरावे. खरखर जेथे वाढेल त्या बाजूला उगम आहे. तो शेजारच्या घरात निघाल्यास केबल त्या भिंतीपासून दूर न्यावी आणि अँटेना छपराच्या दुसऱ्या टोकाला हलवून पाहावा.