मदतगटात नव्याने आलेल्या मित्राला

मनाने खचलेल्या मुलांचं ऐकून घेणाऱ्या आपल्या विद्यार्थी मदतगटात तू आलास, फार बरं वाटलं. एक सांगतो: समोरचा बोलायला लागला की उपाय सुचवायची घाई करू नकोस. ‘व्यायाम कर’, ‘सकारात्मक राहा’ हे त्याने आधीच ढिगाने ऐकलेलं असतं. ‘कधीपासून असं वाटतंय?’ एवढं विचार आणि गप्प बस. ती शांतता अंगावर येते, पण खरं बोलणं बहुतेक वेळा तिच्यानंतरच सुरू होतं.

झोप, जेवण, वर्गातली हजेरी यांची चौकशी जरूर कर. ‘कसा आहेस?’ला ‘ठीक’ म्हणणारी मुलं ‘काल झोप कधी लागली?’चं उत्तर मात्र खरं देतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं २ आठवडे जवळजवळ रोज टिकलं, तर समुपदेशकाकडे पाठवायलाच हवं. नुसता नंबर देऊन मोकळा होऊ नकोस. वेळ घ्यायला मदत कर, हवं तर दारापर्यंत सोबत जा.

आणि जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरतात, हा मोठा गैरसमज आहे. उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, तिथूनच तज्ज्ञांना कळव. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नकोस. ‘जिवाला धोका असेल तर मला ते तज्ज्ञांना सांगावं लागेल’, हे त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट कर.

अशा जड बोलण्यानंतर लगेच अभ्यासाला बसू नकोस. नाव न घेता गटप्रमुखाशी बोल.