उपग्रहाच्या लेझर अंतरमापनातली चुकीची मोजणी संगणक आपोआप कशी ओळखतो?

कक्षेच्या भाकितावरून त्या क्षणी अपेक्षित असलेलं अंतर मोजलेल्या (लेझर झोत उपग्रहावरून परत यायला लागलेल्या वेळेवरून काढलेल्या) अंतरातून वजा करायचं आणि उरलेल्या फरकांत जे ठिपके मुख्य घोळक्यापासून लांब पडतात ते टाकून द्यायचे, मूळ युक्ती एवढीच. आंतरराष्ट्रीय लेझर अंतरमापन सेवेची (आयएलआरएस) सामान्य बिंदू (अनेक मोजण्यांचं सार सांगणारा एक बिंदू) काढण्याची ठरलेली रीतही हीच आहे. आलेखावर हे फरक मांडले की आकाशातल्या प्रकाशाचा गोंगाट वाळूसारखा सगळीकडे विखुरतो, तर खऱ्या परतीच्या फोटॉनांची बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर वक्र बसवतात, प्रमाण विचलनाच्या साधारण अडीच-तीन पट बाहेरचे ठिपके गाळतात, पुन्हा वक्र बसवतात. गळती थांबेपर्यंत हेच चालू. उरलेल्यांची सरासरी म्हणजे सामान्य बिंदू (लॅजिऑस या उपग्रहासाठी दर 120 सेकंदांचा एक).

पण रेघ देखणी आली म्हणून हुरळून जाऊ नका. ही चाळणी विखुरलेपणा पकडते, सरसकट सरकलेपणा नाही. उपग्रहाच्या एका फेरीतली सगळी मोजणी 2 सेंटिमीटरने सरकली तरी रेघ तितकीच सुबक दिसते. हवेत प्रकाश मंदावतो आणि त्याची दुरुस्ती वायुदाबावरून करतात; म्हणून वायुदाबमापक 1 मिलिबार चुकीचा दाखवत असेल तर डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतर सुमारे अडीच मिलिमीटरने चुकतं, क्षितिजाकडे आणखी जास्त, आणि आलेखावर त्याचा मागमूसही नसतो. अशी चूक विश्लेषण केंद्रांत, अनेक स्थानकांच्या मोजणीतून काढलेल्या कक्षेशी तुलना केल्यावरच उघडी पडते.